कॅशबॅकचे २४० रुपये आले कुठून?

आजचा भाग जरा घरगुती आहे. सुरुवात होते कराडमधल्या एका इलेक्ट्रिकलच्या दुकानात. तिथून आपण इंग्लंडला जाणार, मग अमेरिकेला, आणि फिरून परत त्याच दुकानात. हेडफोन लावा, चहा घ्या.

तर ते दुकान माझ्या मामाचं. मागच्या दिवाळीत आईबाबांसाठी इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यायची होती. ऑनलाइन मिळाली असती, पण मामा असताना बाहेरून घेतली तर आई वर्षभर ऐकवेल. मामाने 'घरचा भाव' लावला, ५०० रुपये आणखी कमी केले, बिल झालं २४,०००. मी ऐटीत कार्ड काढलं, मशीनवर टेकवलं, टिंग! या कार्डावर सगळ्या खरेदीला १ टक्का कॅशबॅक आहे. मी मामाला म्हणालो, "बघा मामा, बसल्या बसल्या २४० रुपये सुटले." मामा नुसता हसला. गिऱ्हाईक होतं समोर.

रात्री जेवणं झाल्यावर मामा मोबाईलवर दिवसाचा हिशेब बघत होता. मी शेजारी बसलो होतो, नजर गेली. माझ्या २४,००० च्या एंट्रीसमोर खात्यात जमा झालेली रक्कम होती २३,४९०. मी म्हटलं, "मामा, हे ५१० रुपये कुठे गेले?"

"मशीनवाल्यांचे. क्रेडिट कार्डाला १.८ टक्के लागतात, त्याच्यावर परत जीएसटी."

"तुम्हाला लागतात?"

"मग काय गिऱ्हाइकाला लागतात?"

जीएसटीचं नंतर सेट-ऑफ मिळतं, ते सोडून देऊ. तरी ४३२ रुपये उरतात. मी आगाऊपणे पुढचा प्रश्न विचारला, की त्या इन्व्हर्टर-बॅटरीवर तुम्हाला सुटले किती? मामा म्हणाला, "तुला लावलेल्या भावात? अकराशे." म्हणजे अकराशेतले ४३२ गेले, आणि त्यातलेच २४० फिरून माझ्या खिशात आले. मामाने मला सूट दिली ती दिलीच, वर माझा कॅशबॅकही त्यानेच दिला. आणि मी त्यालाच ते ऐटीत सांगत होतो.

आता माझी बाजू पण सांगतो. मी हिंजवडीत काम करतो, माझ्याकडे चार कार्डं आहेत आणि एक एक्सेल शीट आहे. ऑनलाइन खरेदीला एक कार्ड, ५ टक्के. लाईटबिल, मोबाईलला दुसरं. पेट्रोलला तिसरं. महिन्याची कमाल मर्यादा १,००० रुपये, ती संपली की चौथं बाहेर. टीम लंचला 'बिल मी भरतो, तुम्ही मला यूपीआय करा' असं म्हणणारा जो एक जण असतो ना, तो मीच. दहा जणांच्या जेवणाचा कॅशबॅक माझा. बँकेचा ईमेल येतो की अमुक तारखेपासून भाड्यावर कॅशबॅक बंद, वॉलेट लोडवर बंद, तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दुखवटा पाळला जातो. वर्षाला सात-आठ हजार सुटतात. आणि इतकी वर्षं माझी समजूत एकच होती, की बँकेला आपण हुशारीने लुटतोय.

सॉफ्टवेअरवाल्याला सवय असते, आउटपुट विचित्र दिसला की मागे मागे जात मूळ शोधायचं. मी तेच केलं. आणि मागे जाता जाता पोचलो १८४४ ला.

इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ रॉचडेल नावाचं गाव आहे. कापडगिरण्यांचं गाव, आपल्या इचलकरंजीसारखं म्हणा. तिथल्या विणकरांना आणि इतर कामगारांना पगार तुटपुंजे. दुकानात पिठात भेसळ, मापात पाप. तेव्हा २८ जणांनी मिळून २८ पौंड भांडवल उभं केलं आणि डिसेंबर १८४४ मध्ये टोड लेन नावाच्या गल्लीत स्वतःचं दुकान काढलं. विकायला काय, तर लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि थोड्या मेणबत्त्या. माल शुद्ध, माप पूर्ण, उधारी नाही. आणि नफा उरला तर तो सभासदांना परत. पण शेअर किती घेतले त्यावर नाही, तर दुकानातून खरेदी किती केली त्या प्रमाणात. याला ते लोक 'डिव्ही' म्हणायचे.

बघा, हा कॅशबॅकच आहे. खरेदीच्या प्रमाणात पैसे परत. पण परत येणारा पैसा कुणाचा? दुकान सभासदांचं, नफा सभासदांचा, त्यांचाच पैसा त्यांच्याकडे येतोय. मध्ये तिसरा कुणी नाही. ही कल्पना जगभर गेली. आपल्याकडची ग्राहक सहकारी भांडारं, मुंबईत १९४८ साली सुरू झालेलं अपना बाजार, ही सगळी त्याच वाटेवरची.

तिसरा माणूस मध्ये आला तो अमेरिकेत, १८९६ साली. स्पेरी आणि हचिन्सन या दोघांनी एक कंपनी काढली. ही कंपनी काहीच विकत नव्हती. ती हिरव्या रंगाची छोटी तिकिटं छापायची, पोस्टाच्या तिकिटासारखी, मागे डिंक लावलेली. दुकानदाराने ती कंपनीकडून विकत घ्यायची आणि गिऱ्हाइकाला प्रत्येक १० सेंटच्या खरेदीवर एक तिकीट फुकट द्यायचं. गिऱ्हाइकाने घरी नेऊन वहीत चिकटवायचं. १,२०० तिकिटांची एक वही. म्हणजे १२० डॉलरची खरेदी झाली की एक वही भरणार. वह्या साठल्या की कंपनीच्या केंद्रावर जाऊन कॅटलॉगमधून टोस्टर घ्या, दिवा घ्या, चादरी घ्या.

१९६० च्या दशकात या तिकिटांनी अमेरिकेला वेड लावलं होतं. घराघरात आई किराणा लावतेय आणि पोरं जीभ लावून तिकिटं चिकटवतायत. अँडी वॉरहॉलने १९६२ मध्ये त्यांचं चित्र केलं, म्हणजे बघा. ही कंपनी अमेरिकेच्या पोस्टखात्यापेक्षा जास्त तिकिटं छापते, असं तेव्हा अभिमानाने सांगितलं जायचं.

आता दुकानदाराचं बघू. त्याला ही तिकिटं विक्रीच्या साधारण २ टक्क्यांना पडायची. किराण्यात २ टक्के म्हणजे चेष्टा नाही, सुपरमार्केटचा निव्वळ नफाच तेवढ्याच्या आसपास असतो. पहिला दुकानदार तिकिटं देतो तेव्हा त्याचा फायदा असतो, शेजारच्याचं गिऱ्हाईक त्याच्याकडे येतं. मग शेजारीही सुरू करतो. गावातली सगळी दुकानं तिकिटं द्यायला लागली की कुणाचंच गिऱ्हाईक वाढत नाही, २ टक्के मात्र सगळ्यांचे जातात. एकट्याने बंद करावी तर गिऱ्हाईक पळणार. मग उरतं काय? भाव वाढवणं.

हे सगळ्यात आधी लक्षात आलं ते गृहिणींना. ऑक्टोबर १९६६ मध्ये डेन्व्हर शहरातल्या बायकांनी सुपरमार्केटवर बहिष्कार टाकला, दुकानांसमोर फलक घेऊन उभ्या राहिल्या. मागण्यांमध्ये एक मागणी अशी होती की आम्हाला तिकिटं नकोत, बक्षिसाचे खेळ नकोत, भाव कमी करा. हे लोण बघता बघता इतर शहरांत पसरलं. मला हा प्रसंग फार आवडतो. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर आजवर एकानेही 'कॅशबॅक नको, भाव कमी करा' असं लिहिलेलं नाही. मी पण नाही.

तिकिटांची ही धामधूम चालू असताना शेजारी दुसरंच एक प्रकरण उभं राहत होतं. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये फ्रँक मॅकनमारा याने डायनर्स क्लब काढला. हॉटेलात जेवायला गेला, पाकीट विसरला, आणि त्यातून कार्डाची कल्पना सुचली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. ती पुढे प्रसिद्धीसाठी सजवलेली होती असं मानतात. मुद्दा पाकिटाचा नाहीच. मुद्दा असा की हॉटेलवाल्याकडून डायनर्स क्लब बिलाचे ७ टक्के घ्यायचा. कार्डाच्या धंद्याचा पाया पहिल्या दिवसापासून हाच, विकणाऱ्याने द्यायचं.

मग १९५८. कॅलिफोर्नियातलं फ्रेस्नो शहर. बँक ऑफ अमेरिकाने सप्टेंबर महिन्यात तिथे ६०,००० कार्डं पोस्टाने घरोघर पाठवली. कुणी मागितली नव्हती, अर्ज नाही, काही नाही, सरळ पेटीत. हेच पुढे व्हिसा झालं. इतकी कार्डं एकदम का? कारण दुकानदार म्हणणार, कार्डवाली गिऱ्हाइकं आहेत कुठे? आणि गिऱ्हाईक म्हणणार, कार्ड घेणारी दुकानं कुठे? आम्ही ॲप बनवताना हाच प्रश्न येतो, दोन्ही बाजू एकदम उभ्या कराव्या लागतात. बँकेने एक बाजू पोस्टाने उभी केली. दुकानदाराला सांगितलं, बघा, शहरात ६०,००० कार्डं आहेत, आता ६ टक्के द्या. सुरुवातीला बँकेची चांगलीच वाट लागली. ४ टक्के लोक पैसे थकवतील असा अंदाज होता, निघाले २२ टक्के. ज्याची ही कल्पना, तो जोसेफ विल्यम्स बँक सोडून गेला. पण बँक टिकली, आणि कार्डही टिकलं.

आता आपली दोन टोकं जुळतात. सीअर्स नावाची अमेरिकेतली प्रचंड मोठी दुकानांची कंपनी होती. तिने १९८५ मध्ये डिस्कव्हर नावाचं कार्ड आणलं आणि १९८६ च्या जानेवारीत सुपर बोलच्या सामन्यात जाहिरात करून देशभर नेलं. वार्षिक फी शून्य. आणि वर्षभर जितकं वापराल त्याप्रमाणे १ टक्क्यापर्यंत रोख परत. आज मला आणि तुम्हाला जो कॅशबॅक माहीत आहे, तो हा. हिरवी तिकिटं गेली, वही गेली, डिंक गेला. दुकानदाराचे दोन टक्के राहिले.

बँकांना यात एक मस्त गोष्ट सापडली. गिऱ्हाईक कार्ड निवडतं, दुकानदार नाही. त्यामुळे कार्डाच्या बाजारात स्पर्धा होते ती गिऱ्हाइकाला जास्त देण्याची, आणि ते देण्यासाठी दुकानदाराकडून जास्त घेण्याची. उलटा बाजार. स्पर्धेने भाव उतरायला हवा, इथे चढतो. मामाचे १.८ टक्के मशीनवाली कंपनी, कार्डाचं नेटवर्क आणि माझी बँक यांच्यात वाटले जातात आणि त्यातला मोठा वाटा माझ्या बँकेकडे येतो. त्यातून ती मला १ टक्का देते. (दुसरा मोठा झरा म्हणजे व्याज. आपल्याकडे महिन्याला ३ ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास. आमच्याच टीममधला एक जण सहा महिने 'मिनिमम ड्यू' भरत बसला होता. माझ्या कॅशबॅकमध्ये त्याचेही पैसे आहेत. त्यावर एक स्वतंत्र भाग करायचाय.)

तुम्ही म्हणाल, मग दुकानदाराने कार्डवाल्याला दोन टक्के जास्त सांगावेत. करतातच की! 'कार्डवर दोन टक्के एक्स्ट्रा पडतील हां', हे मोबाईलच्या दुकानात, सोन्याच्या दुकानात आपण सगळ्यांनी ऐकलंय. कार्ड कंपन्यांच्या करारात ते बसत नाही, तरी चालतं. आणि ते ऐकलं की आपल्याला राग येतो ना? मला यायचा. हा राग येणार हे कार्डवाल्यांना फार आधी कळलं होतं. १९७० च्या दशकात अमेरिकेत हा वाद संसदेपर्यंत गेला, की रोखीला आणि कार्डाला वेगळा भाव लावू द्यायचा का. तेव्हा कार्ड कंपन्यांचा आग्रह असा होता, की फरक ठेवायचाच असेल तर त्याला 'कार्डाचा जादा आकार' म्हणू नका, 'रोखीची सवलत' म्हणा. आकडा तोच, फक्त नाव वेगळं. जादा आकार म्हटलं की खिशातून गेल्यासारखं वाटतं, सवलत म्हटलं की नाही घेतली तरी फार दुखत नाही. पुढे ज्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्या रिचर्ड थेलर यांनी १९८० च्या लेखात हे उदाहरण घेतलंय.

बहुतेक दुकानात मात्र दोन भाव नसतातच. एकच भाव, त्यात कार्डाचा खर्च आधीच मिसळलेला. मग रोख देणाराही तो भरतो. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या तीन अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये याचा हिशेब मांडला. अमेरिकेत ज्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २०,००० डॉलरपर्यंत आहे त्याचे या व्यवस्थेत वर्षाला सरासरी २१ डॉलर जातात, आणि दीड लाख डॉलरच्या वरच्या कुटुंबाला ७५० डॉलर मिळतात. पैसे वरून खाली नाही, खालून वर चाललेत. मामाच्या दुकानात एलईडी बल्ब घ्यायला जो गवंडीकाम करणारा माणूस येतो, नोटा मोजून देतो, तो माझ्या २४० रुपयांत आहे की नाही? मामा म्हणतो, "भाव लावताना सगळा खर्च धरावाच लागतो की."

युरोपने २०१५ मध्ये यावर सरळ कायदा केला. दुकानदाराच्या बँकेकडून कार्ड देणाऱ्या बँकेकडे जो वाटा जातो, तो डेबिटला ०.२ टक्के आणि क्रेडिटला ०.३ टक्के, याच्यावर घ्यायचा नाही. ऑस्ट्रेलियाने त्याच्या बारा वर्षं आधीच लगाम लावला होता. दोन्हीकडे कार्डांवरची बक्षिसं रोडावली. साहजिक आहे, झराच आटला.

आपल्याकडे गंमत वेगळीच झाली. सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये क्रेडिट कार्ड आणलं, आणि २०२४ मध्ये देशातल्या क्रेडिट कार्डांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली. पण त्याच काळात यूपीआय आलं. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला चार्ज शून्य. डेबिट कार्डावर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली आहे. क्रेडिट कार्डावर नाही. म्हणजे मामाच्या काउंटरवर एकाच वेळी दोन जगं आहेत. क्यूआर कोडचा फलक फुकट, आणि शेजारचं मशीन १.८ टक्के. आणि २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे फलकावरूनही क्रेडिट येऊ शकतं. छोट्या दुकानदाराला त्यात २,००० रुपयांपर्यंत चार्ज नाही, वर गेलं की आहे. मामाला हे पहिल्यांदा कळलं ते एका पंख्याच्या विक्रीत पैसे कमी जमा झाले तेव्हा.

मी मामाला विचारलं, "मग मशीन काढून का टाकत नाही?"

मामा म्हणाला, "काढलं तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल. त्याने घेतलं म्हणून तर मी घेतलं." हिरव्या तिकिटांचं प्रकरण मी तोवर वाचलं नव्हतं. पुण्याला परत आल्यावर वाचलं आणि थेट मामाचाच आवाज कानात आला.

मी त्याला ४३२ रुपये यूपीआय केले. दहा मिनिटांत परत आले. खाली मेसेज, "भाच्याशी हिशेब करायला मी काय बँक आहे का?" आईला कळलं तेव्हा तीही माझ्यावरच उखडली. म्हणाली, त्याला असले पैसे पाठवतात का? पुढच्या वेळी जाताना मामीसाठी काहीतरी ने. मी चितळ्यांची बाकरवडी नेली, दोन किलो, यूपीआयवरून घेतली, थेट खात्यातून.

कार्डं मी बंद केलेली नाहीत. खरं सांगतो. मोठ्या ऑनलाइन कंपनीकडून घेताना अजूनही ५ टक्क्यांचं कार्ड शोधतो, टीम लंचचं बिलही मीच भरतो. एक्सेल शीटमध्ये मात्र एक कॉलम वाढलाय, दुकान कुणाचं. कोपऱ्यावरचं मेडिकल, भाजीशेजारचं किराणा, झेरॉक्सवाले काका, इथे कार्ड निघत नाही. वर्षाचा कॅशबॅक सात-आठ हजारांवरून साडेपाचवर आलाय. ग्रुपवर हे सांगितलं तर एकाने लिहिलं, 'भाऊ, संत झालास.' त्याच संध्याकाळी हॉटेलचं बिल आलं तेव्हा कार्ड काढायला सगळ्यात पहिला हात माझाच होता.

तुमच्या घरात, नात्यात कुणाचं दुकान असेल तर त्यांना विचारा, मशीनचे किती टक्के लागतात. आकडा, आणि ते काय म्हणाले ते, मला व्हॉइस नोट करून पाठवा. बरेच जमले तर पुढच्या भागात ऐकवतो. चला, भेटू.